मेलबर्नचं टोळीयुद्ध आणि फितूर वकील : एका प्रकरणाचा अभ्यास

शनिवारी सकाळी मेलबर्नमध्ये कुठल्याही मैदानाजवळून जा, पाच-सहा वर्षांची पोरं मोजे गुडघ्यापर्यंत ओढून लंबगोल बॉलमागे धावताना दिसतील. ऑसकिक म्हणतात त्याला, ऑस्ट्रेलियन फुटबॉलची बालवाडीच समजा. मीही माझ्या लेकाला दोन सीझन नेत होतो. जूनमध्ये गवतावर दव असतं, बोटं बधिर होतात, आईबाप कॉफीचे कप धरून कडेला उभे असतात आणि ज्याचं नावही माहीत नाही त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा चालतात. हे आधी सांगतोय कारण ज्या प्रकरणाबद्दल लिहायचंय त्यातला सगळ्यात वाईट प्रसंग अशाच एका शनिवारी, अशाच मैदानाच्या कडेला घडला.

तारीख 21 जून 2003, जागा एसेंडन नॉर्थ, क्रॉस कीज रिझर्व्ह. ऑसकिक नुकतंच आटपत होतं. मैदानाशेजारच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये एक निळी मित्सुबिशी व्हॅन उभी होती, पुढे इथल्या एका जुन्या गुंड घराण्यातला जेसन मोरान आणि त्याचा मित्र पास्क्वाले बार्बारो, मागे पाच लहान मुलं, त्यात जेसनची स्वतःची जुळी. चेहरा झाकलेला एक माणूस धावत आला, त्याने बंद काचेतूनच शॉटगनचा बार टाकला, मग पिस्तूल काढून दोघांवर गोळ्या झाडल्या आणि ओढ्यावरच्या पादचारी पुलावरून पलीकडे पळून गेला, तिथे दुसरा माणूस गाडी घेऊन तयार होता. दोघंही तिथेच मेले. मुलांना गोळी लागली नाही. पण बाप हातभर अंतरावर असताना त्या मुलांनी जे पाहिलं ते कोण पुसणार, मला तर त्या मैदानाजवळून जाताना आजही कसंतरी होतं.

मेलबर्नच्या टोळीयुद्धात जानेवारी 1998 ते ऑगस्ट 2010 या काळात 36 माणसं मेली. ही गोष्ट टीव्हीवर इतकी दाखवून झाली की लोकांना आता मोरानांविरुद्धच्या टोळीचा म्होरक्या कार्ल विल्यम्स याचा गोल गोल चेहराच आठवतो आणि गोष्ट मनोरंजन वाटायला लागते. मला ते बघवत नाही. माझ्या दृष्टीने प्रकरणाचा गाभा वेगळाच आहे : या युद्धात कोणी तोंड उघडत नव्हतं, पोलिसांनी लोकांना बोलतं केलं, पहिल्यांदा सरळ मार्गाने केलं आणि त्याला यश आलं, मग त्याच यशाच्या नादात आरोपींच्या वकिलालाच खबरी करून असा आडमार्ग धरला की अख्ख्या राज्याच्या न्यायव्यवस्थेला तडा गेला. आणि हा तडा अजून बुजलेला नाही.

आता मुळापासून सांगतो. एसेंडन, मूनी पाँड्स, अॅस्कट व्हेल, ब्रॉडमेडोज हा शहराचा वायव्येकडचा पट्टा, एअरपोर्टच्या वाटेवरचा. फ्लेमिंग्टनचं रेसकोर्स जवळ, कौलारू छपरांची बैठी घरं, ट्रामची खडखड, एकदम साधी कामकऱ्यांची वस्ती. मोरान कुटुंब इथलंच, जुनं नाव असलेलं. लुईस मोरान हा बाप, जूडी ही आई, जेसन हा दोघांचा मुलगा आणि मार्क हा जूडीचा आधीच्या जोडीदारापासूनचा. विल्यम्स कुटुंब ब्रॉडमेडोजचं, त्यांच्या मानाने कालचं. कार्ल एकेकाळी सुपरमार्केटमध्ये रॅकवर माल लावायचं काम करायचा. नव्वदच्या दशकात नाइटक्लबांमध्ये एक्स्टसीच्या गोळ्यांना तुफान मागणी आली आणि या धंद्याची एक गंमतच आहे, म्हणजे भयानक अर्थाने, की हेरॉइनसारखा माल समुद्रापलीकडून आणायची गरज नाही, गोळ्या पाडायचं एक मशीन, थोडी केमिकल्स आणि मिश्रण शिजवणारा एक जाणकार एवढ्यावर उपनगरातल्या भाड्याच्या घरात कारखाना उभा राहतो. त्यामुळे जुन्या घराण्यांची मक्तेदारी गेली, कालचा पोरगाही बरोबरीने बसायला लागला, आणि तेच जुन्यांना सहन होईना.

पैशावरून वाजलं. 13 ऑक्टोबर 1999, कार्लचा एकोणतिसावा वाढदिवस, ग्लॅडस्टोन पार्कमधल्या एका बागेत मोरान भावांशी भेट ठरली होती, तिथे जेसनने त्याच्या पोटात गोळी घातली. कार्ल वाचला. पोलिसांनी विचारलं कोणी मारली, तर म्हणाला माहीत नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं या एका उत्तरावर उभं आहे. त्या जगात पोलिसाकडे तोंड उघडणं हे खून करण्यापेक्षा मोठं पाप, आणि तक्रार केली नाही म्हणजे हिशोब स्वतः चुकता करणार हे सगळ्यांना न सांगता कळतं.

आठ महिन्यांनी, 15 जून 2000 ला, मार्क मोरान त्याच्या अॅबरफेल्डीच्या घराबाहेर मारला गेला. त्या खुनाचा आरोप पुढे कार्लवर आला होता, पण नंतरच्या वाटाघाटीत तो मागे घेतला गेला. मग एकामागोमाग माणसं टिपली जायला लागली. काही मोरानांच्या बाजूची, काही तिसऱ्याच हिशोबातली, काही आपल्याच टोळीने संशयावरून उडवलेली. सगळी नावं मी देत बसत नाही, ती यादी वाचून कोणाच्या हाती काही लागत नाही. कार्लचा मुख्य मारेकरी अँड्र्यू व्हेनियामिन हा मात्र लक्षात ठेवावा लागतो, कारण पुढे त्याच्यापायी एक वेगळाच माणूस बारा वर्षं तुरुंगात गेला.

आणि पोलीस काय करत होते? त्यांचीच अवस्था बिकट होती. ड्रग स्क्वाडमध्ये एक योजना चालू होती, गोळ्यांसाठी लागणारी केमिकल्स पोलिसांनीच गुपचूप बाजारात सोडायची आणि ती कुठे जातात त्याचा माग काढायचा. कागदावर चांगली वाटते. प्रत्यक्षात काही अधिकाऱ्यांनी माग काढायचा सोडून धंदाच सुरू केला. स्क्वाडमधला एक वरिष्ठ अधिकारी मार्क मोरानलाच दोन किलो स्यूडोएफेड्रिन विकल्याबद्दल पुढे दोषी ठरला. 2001 मध्ये अख्खं ड्रग स्क्वाड बरखास्त करावं लागलं. म्हणजे ज्या वेळी गुंडांची माहिती असणारे अनुभवी पोलीस हवे होते, नेमक्या त्याच वेळी कुंपणानेच शेत खाल्लेलं होतं आणि लोकांचा विश्वास पार उडालेला होता.

2003 च्या मे महिन्यात खास पथक नेमलं, नाव पुराना टास्क फोर्स. आपल्या डोळ्यांना ते नाव वाचून पुराणच आठवतं, आणि जुन्या वैराची खातेवही उघडून बसलेल्या पथकाला ते शोभतंही. पथक बसून महिना होतो न होतो तोच क्रॉस कीज झालं. मुलांसमोर खून झाल्यावर शहराचा नूर पालटला, तोवर लोक म्हणायचे गुंड गुंडाला मारतोय, मारू देत, आपलं काय जातं. त्या शनिवारनंतर असं म्हणायची कोणाची हिंमत राहिली नाही.

पुरानाने सुरुवात चांगली केली हे मनापासून सांगतो. खून झाला की धावायचं आणि मग साक्षीदार शोधायचे, हे सोडून त्यांनी माणसांवर नजर ठेवली, फोन ऐकले, पैसा कुठून कुठे जातो ते बघितलं. 25 ऑक्टोबर 2003 ला साउथ यारामध्ये मायकल मार्शल नावाच्या माणसाला त्याच्या पाच वर्षांच्या मुलासमोर गोळ्या घातल्या गेल्या. पुन्हा मूल समोर. पण या वेळी मारेकऱ्यांच्या गाडीत पोलिसांनी आधीच ऐकायचं यंत्र दडवून ठेवलेलं होतं. नेमका कोणाला मारणार आहेत हे त्यांना कळलं नव्हतं, त्यामुळे मार्शल वाचला नाही, पण काही तासांतच दोघं मारेकरी हातात आले. हेच ते क्रॉस कीजचे दोघं, एक गोळ्या झाडणारा आणि एक गाडी चालवणारा. कोर्टाने त्यांची नावं कित्येक वर्षं झाकून ठेवली होती, पेपरात त्यांना रनर आणि ड्रायव्हर म्हणायचे.

इथे कुलूप उघडलं. आपल्याकडे माफीचा साक्षीदार म्हणतात ना, तसाच प्रकार, फक्त तिथे माफी मिळत नाही, शिक्षेत सवलत मिळते. गुन्हा कबूल करायचा, मालकाविरुद्ध, म्हणजे कार्लविरुद्ध, साक्ष द्यायची, बदल्यात मरेपर्यंत आत सडण्याऐवजी कधीतरी बाहेर यायची आशा. मुलांसमोर खून करणाऱ्याला कसली सवलत, असं कोणालाही वाटेल, मलाही वाटतं, पोटात ढवळतं. पण सौदा स्वतः तरी लपवलेला नव्हता. सगळं न्यायाधीशासमोर, कार्लच्या वकिलाला माहीत असलेलं, हा साक्षीदार सवलतीसाठी बोलतोय हे ज्युरीला सांगून त्याची उलटतपासणी करता येत होती. सौदा उघड्यावर झाला की तो तोलता येतो, माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

दरम्यान 2004 उजाडलं आणि मार्चमध्ये आठ दिवसांत दोन मोठे बळी गेले. 23 मार्चला कार्लटनमधल्या एका रेस्टॉरंटच्या मागच्या बाजूला व्हेनियामिन मारला गेला. गोळ्या गुन्हेगारी वर्तुळातल्याच मिक गट्टोने झाडल्या होत्या, स्वसंरक्षणात झाडल्या असं त्याने कोर्टात सांगितलं आणि 2005 मध्ये ज्युरीने ते मान्य करून त्याला निर्दोष सोडलं. 31 मार्चला सिडनी रोडवरच्या ब्रन्सविक क्लबमध्ये लुईस मोरान संध्याकाळी बिअर पीत बसला होता, दोघं आत घुसले आणि त्याला तिथेच मारलं. दीड लाख डॉलरची सुपारी होती, त्यातही कार्लच्या बाजूने दहा हजार कमीच दिले. म्हाताऱ्या माणसाचा जीव आणि त्यावर दहा हजारांची घासाघीस, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

जूनमध्ये कार्ल आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. मार्शलच्या खुनात ज्युरीने दोषी ठरवलं, मग फेब्रुवारी 2007 मध्ये त्याने आणखी तीन खून कबूल केले, जेसन मोरान, लुईस मोरान आणि याच वर्तुळातला मार्क मॅलिया. 7 मे 2007 ला न्यायमूर्ती बेटी किंग यांनी जन्मठेप दिली, किमान 35 वर्षं. पुढच्या वर्षी या प्रकरणावरची टीव्ही मालिका येऊ घातली तेव्हा याच न्यायमूर्तींनी व्हिक्टोरिया राज्यात तिचं प्रसारण थांबवलं, कारण एक खटला अजून उभा राहायचा होता आणि ज्युरीतली माणसंही घरी टीव्ही बघतात. तेव्हा बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली होती. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो, गुंडालाही स्वच्छ खटला मिळाला पाहिजे यासाठी एक न्यायाधीश स्वतःवर टीका ओढवून घेते, आणि त्याच सुमारास त्याच शहरात पोलीस मागच्या दाराने काय करत होते ते आता बघा.

निकोला गोब्बो. घराणं मोठं, काका व्हिक्टोरियाचे माजी गव्हर्नर. तरुण वयात नावारूपाला आलेली फौजदारी वकील. कार्ल विल्यम्स तिचा अशील, ड्रग्जच्या धंद्यातला बडा मासा टोनी मोकबेल तिचा अशील, त्यांच्या आजूबाजूची कितीतरी माणसं तिच्याकडे. त्यांच्याबरोबर ती कोर्टात दिसायची तशी पार्ट्यांमध्येही दिसायची. 2004 मध्ये तिला स्ट्रोक आला. ही माणसं मला सोडत नाहीत, यांच्या विळख्यातून सुटायचं होतं, असं तिचं नंतरचं सांगणं. सप्टेंबर 2005 मध्ये व्हिक्टोरिया पोलिसांनी तिची खबरी म्हणून नोंदणी केली, नंबर 3838. आणि ही काही पहिली वेळ नव्हती, याआधी नव्वदच्या दशकातही दोनदा तिची नोंदणी झालेली होती. 2009 च्या जानेवारीपर्यंत हे चाललं.

आपल्याकडे म्हणतात डॉक्टर आणि वकिलापासून काही लपवू नये. लपवू नये ते कशासाठी, तर सांगितलेलं तिथेच राहतं म्हणून. अटक झालेला माणूस आधीच गांगरलेला असतो, समोर पोलीस, कायद्याची भाषा कळत नाही, अशा वेळी एकच माणूस त्याच्या बाजूचा असतो. तो खुनी असो की निरपराध असो, वकील त्याचा असतो. ही गोष्ट मला इतकी मूलभूत वाटते की त्यावर तडजोड होऊच शकत नाही.

आता एक प्रसंग. एप्रिल 2006. मोकबेलसाठी ड्रग्ज शिजवणारा एक माणूस, पुढे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या, म्हणजे रॉयल कमिशनच्या कागदांत त्याला कूपर असं टोपणनाव दिलंय. तो गोब्बोचा अशील. त्याच्याबद्दलची माहिती पोलिसांना कोणी पुरवली, तर गोब्बोने. त्या माहितीवर पोलिसांनी त्याला पकडला. पकडल्यावर त्याने वकील मागितला, हक्कच आहे तो. आणि वकील म्हणून त्याच्यासमोर कोण येऊन बसली, तर तीच गोब्बो. ज्या बाईने पकडून दिलं तिलाच हा बिचारा विचारतोय मी आता काय करू, आणि पुढे तो मोकबेलच्या लोकांविरुद्ध सरकारी साक्षीदार झाला. दाराबाहेरच्या पोलिसांना हे सगळं माहीत होतं. गुन्हेगार असला म्हणून काय झालं, त्या खोलीत त्याच्या बाजूने त्या दिवशी कोणीच नव्हतं. या एका खोलीतच मला या प्रकरणाचा सगळा सडका भाग दिसतो.

याचा पोलिसांना फायदा झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तिच्याकडून आलेल्या माहितीचे साडेपाच हजारांवर अहवाल तयार झाले. 2007 मध्ये इटलीहून मेलबर्न बंदरात टोमॅटोच्या डब्यांतून 4.4 टन एक्स्टसी आली, साधारण दीड कोटी गोळ्या, जगातला तेव्हाचा सगळ्यात मोठा साठा, त्या कंटेनरचे शिपिंगचे कागद एका अशिलाकडून गोब्बोच्या हाती लागले आणि तिथून पोलिसांकडे गेले. त्या प्रकरणातही एक पास्क्वाले बार्बारो आहे, पण तो ग्रिफिथ गावचा, क्रॉस कीजला मेलेला नव्हे, नाव सारखं म्हणून लोकांचा नेहमी घोटाळा होतो. तर सांगायचं काय, या दीड कोटी गोळ्या रस्त्यावर आल्या नाहीत हे चांगलंच झालं. पण हे असं मिळवलेलं कोर्टाला माहीत नव्हतं, बचाव पक्षाला माहीत नव्हतं, आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी खरे गुन्हेगारसुद्धा हेच बोट धरून बाहेर पडायचा प्रयत्न करतील हे समजायला काही मोठी अक्कल लागत नाही. शॉर्टकट घेताना वरिष्ठांच्या हे डोक्यात आलं नाही की आलं आणि तरीही घेतला, यातलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

आणि फारुक ओरमान. व्हिक्टर पीअर्स या जुन्या गुंडाला 2002 च्या 1 मे रोजी पोर्ट मेलबर्नमध्ये गाडीत गोळ्या घातल्या होत्या, व्हेनियामिनने घातल्या असं सरकारचं म्हणणं, आणि गाडी ओरमान चालवत होता हा आरोप. ओरमान पहिल्यापासून म्हणत होता मी नव्हतो. त्याच्याविरुद्ध मुख्य साक्षीदार एकच, आणि तो गोब्बोचा अशील. ओरमानसुद्धा गोब्बोचाच अशील. एका अशिलाला दुसऱ्या अशिलाविरुद्ध साक्षीला उभं करायला ही वकील स्वतः मेहनत घेत होती. तो साक्षीदार डगमगतोय असं दिसलं तेव्हाही तो टिकून राहावा म्हणून ती झटत होती. ओरमानला शिक्षा झाली. बारा वर्षं तो आत होता. 26 जुलै 2019 ला अपील कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, फेरखटलाही नाही, सरळ निर्दोष. बारा वर्षं म्हणजे किती, पहिलीतलं मूल बारावी पास होतं तेवढी.

हे बाहेर कसं आलं? 2014 मध्ये मेलबर्नच्या हेरल्ड सन या पेपरने लॉयर एक्स अशा नावाने पहिली बातमी छापली. पोलिसांनी ती दाबायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. सरकारी वकिलांच्या प्रमुखाचं म्हणणं होतं की मोकबेलसह ज्या सात दोषींच्या खटल्यावर याचा परिणाम झाला त्यांना निदान कळवलं तरी पाहिजे. पोलीस म्हणत होते कळवलं तर त्या बाईचा जीव जाईल. ती भीती खोटी नव्हती, हे मी मान्य करतो, टेरन्स हॉडसन हा पोलिसांचा खबरी आणि त्याची बायको क्रिस्टीन यांना मे 2004 मध्ये क्यू उपनगरात स्वतःच्या घरात मारून टाकलं होतं, ती जखम ताजीच होती. पण शेवटी देशाच्या हायकोर्टाने, तिथे हायकोर्ट म्हणजे आपल्या सुप्रीम कोर्टासारखं सगळ्यात वरचं, 2018 मध्ये निकाल दिला आणि पोलिसांचं वागणं निंदनीय म्हटलं, न्यायव्यवस्थेच्या पायालाच बट्टा लावल्याचं सांगितलं. लगेच राज्य सरकारने रॉयल कमिशन नेमलं, अध्यक्ष मार्गारेट मॅकमर्डो. मार्च 2019 मध्ये गोब्बोचं नाव उघड करायची परवानगी मिळाली. 30 नोव्हेंबर 2020 चा अंतिम अहवाल सांगतो की 1,011 माणसांच्या खटल्यांवर किंवा शिक्षांवर या सगळ्याचा परिणाम झालेला असू शकतो. एक हजार अकरा!

मधल्या काळात मूळ वैरातली माणसं मात्र संपत चालली होती. 2009 च्या 15 जूनला, मार्कच्या खुनाला बरोब्बर नऊ वर्षं होतात त्याच तारखेला, लुईसचा भाऊ डेस मोरान अॅस्कट व्हेलच्या युनियन रोडवरच्या एका कॅफेत मारला गेला. आणि तो मारायला कोणी सांगितलं, तर जूडी मोरानने, त्याच्याच भावजयीने. दोन मुलगे आणि नवरा गमावलेली बाई, आणि दिराचा खून पैशापायी. 2011 मध्ये तिला 26 वर्षांची शिक्षा झाली. बाहेरच्या शत्रूने जेवढं केलं नाही तेवढं घरातल्या घरात झालं.

कार्लही संपला. त्याने तुरुंगातून पोलिसांना जबाब द्यायला सुरुवात केली होती, हॉडसन दांपत्याच्या खुनात एक माजी डिटेक्टिव्ह सामील होता असा त्याचा जबाब होता. तो डिटेक्टिव्ह ते कायम नाकारत आला. 19 एप्रिल 2010 च्या सकाळी पेपरात बातमी आली की कार्लच्या मुलीची शाळेची फी पोलीस भरतायत. त्याच दिवशी बारवन तुरुंगाच्या कडेकोट विभागात मॅथ्यू जॉन्सन या सहकैद्याने व्यायामाच्या सायकलच्या सीटचा दांडा काढून मागून त्याच्या डोक्यात घातला. कार्ल पेपर वाचत बसला होता. सगळं कॅमेऱ्यात टिपलं गेलं पण कॅमेऱ्याकडे त्या वेळी कोणी बघत नव्हतं, जवळजवळ अर्धा तास कोणाच्या लक्षातही आलं नाही. साक्षीदारच गेला म्हटल्यावर त्या डिटेक्टिव्हवरचा खटला मागे घेतला गेला. ज्या माणसाने आयुष्यभर तोंड बंद ठेवण्याचा नियम पाळला आणि दुसऱ्यांच्या जिवावर पाळायला लावला, तो तोंड उघडल्यावर तीन वर्षंही जगला नाही.

मोकबेलचं नाव वर येऊन गेलं त्याचंही सांगतो. 2006 मध्ये खटला चालू असताना तो पळाला, बोटीने ग्रीसला पोचला, 2007 च्या जूनमध्ये अथेन्सजवळ डोक्यावर विग घातलेला सापडला. 2012 मध्ये 30 वर्षांची शिक्षा. एप्रिल 2025 मध्ये मात्र गोब्बो प्रकरणाच्या जोरावर त्याला जामीन मिळाला. लोक चिडले, अजून चिडलेले आहेत, आमच्याकडे चहाला आलेल्या एका काकांनी टेबलावर हात आपटला होता. मी त्यांना एवढंच म्हटलं की काका, राग मोकबेलवर काढून काय उपयोग, ज्यांनी त्याच्या हातात ही किल्ली दिली त्यांच्यावर काढा.

हे सगळं जुनं झालं असंही नाही. 2023 पासून मेलबर्नमध्ये बेकायदा सिगारेटींवरून नवं युद्ध पेटलंय, कर इतका की वीसचं अधिकृत पाकीट 40 डॉलरच्या आसपास आणि काळ्या बाजारात त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे नफा ड्रग्जसारखा आणि शिक्षा सुरुवातीला तरी त्या मानाने किरकोळ होती. शंभरावर दुकानं जाळून झाली. जानेवारी 2025 मध्ये ट्रुगनिना इथे, जिथे आपली किती तरी भारतीय कुटुंबं राहतात, चुकीच्या घराला आग लावली गेली आणि 27 वर्षांची एक तरुणी त्यात गेली, तिचा या कशाशीही संबंध नव्हता. आता पुन्हा पोलिसांवर तोच दबाव आहे, काहीही करा पण थांबवा, आणि मला त्यातल्या काहीही या शब्दाची भीती वाटते.

कारण त्या काहीही करणाऱ्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. रॉयल कमिशनच्या शिफारशीवरून जॉफ्री नेटल या हायकोर्टाच्या निवृत्त न्यायमूर्तींना विशेष तपास अधिकारी म्हणून नेमलं, काम हेच की गोब्बो आणि तिला वापरणाऱ्या पोलिसांवर खटले भरता येतात का ते बघायचं. त्यांनी पुरावे गोळा केले, खटला भरावा असं कळवलं. खटला भरायचा अधिकार सरकारी वकिलांच्या प्रमुखाकडे, तिथून नकार आला. जून 2023 मध्ये नेटल यांचा अहवाल विधिमंडळासमोर ठेवला गेला, त्यात त्यांनी स्पष्टच लिहिलं की असं असेल तर हे कार्यालय चालवण्यात अर्थ नाही, आणि सरकारने ते कार्यालय बंद केलं. एकाही पोलीस अधिकाऱ्यावर आरोपपत्र दाखल झालं नाही. फारुक ओरमानची बारा वर्षं खाल्ल्याबद्दल कोणीही, एक दिवससुद्धा, कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहिलेलं नाही.